संगणक स्मृतिवर्धन

संगणक स्मृतिवर्धन : वापरात असलेल्या संगणकाच्या मुख्य स्मृतीची, म्हणजे रॅमची, धारणक्षमता वाढविण्याच्या क्रियेस संगणक स्मृतिवर्धन म्हणतात. मेजावर ठेवावयाच्या संगणकात मुख्य स्मृती ही मदरबोर्ड या मुख्य फलकावरील खाचांत बसविलेल्या सुट्या पट्ट्यांच्या रूपात असते. त्यामुळे जुनी पट्टी काढून अधिक क्षमतेची पट्टी बसविणे किंवा रिकाम्या खाचेत आणखी एक पट्टी घालणे एवढ्यानेच ही वाढ साधता येते. शाळा, ग्रंथालये, लहान कार्यालये व घरे यांतील अनेक जुने संगणक मंद झाले म्हणून टाकून दिले जातात. त्यांपैकी पुष्कळांचा प्रोसेसर सुस्थितीत असतो व केवळ स्मृती अपुरी पडत असते. अशा यंत्रास योग्य पट्टी मिळाल्यास ते आणखी काही वर्षे उपयोगी पडू शकते. याउलट मंदपणाचे कारण वेगळे असल्यास किंवा पट्टी यंत्राशी जुळत नसल्यास खर्च व्यर्थ जातो. म्हणून स्मृतिवर्धनापूर्वी तीन गोष्टी निश्चित कराव्या लागतात : यंत्रास खरोखर स्मृतीच कमी पडते काय, यंत्र जास्तीत जास्त किती स्मृती स्वीकारू शकते, आणि त्यास कोणत्या जातीची पट्टी चालते.

मुख्य स्मृतीचे कार्य : संगणकात माहिती दोन ठिकाणी ठेवलेली असते. हार्ड डिस्क किंवा घनावस्थ डिस्क हे कायमचे साठवण असून वीज बंद झाली तरी तेथील माहिती टिकते. मुख्य स्मृती ही तात्पुरती जागा असून प्रोसेसरला ज्या आज्ञा व जी माहिती त्या वेळी लागते ती डिस्कवरून येथे आणली जाते. मुख्य स्मृतीतील माहिती मिळण्यास सेकंदाचा सु. एक कोट्यांश एवढा काळ लागतो. फिरत्या तबकड्यांच्या हार्ड डिस्कमध्ये वाचनशीर्ष योग्य जागी जाण्यास व तबकडी फिरून येण्यास मिळून सु. एक शतांश सेकंद लागतो. म्हणजे दोहोंच्या वेगांत सु. एक लाख पटींचे अंतर आहे. जुन्या संगणकाचा मंदपणा व स्मृतिवर्धनाचा उपयोग या दोहोंचे मूळ या अंतरात आहे.

स्मृतीचे माप बाइटमध्ये देतात. ८ द्विमान अंक म्हणजे १ बाइट, १,०२४ बाइट म्हणजे १ किलोबाइट, १,०२४ किलोबाइट म्हणजे १ मेगाबाइट व १,०२४ मेगाबाइट म्हणजे १ गिगाबाइट होय. युनिकोडच्या यूटीएफ-८ या पद्धतीत देवनागरीचे प्रत्येक चिन्ह ३ बाइट जागा घेते. या हिशेबाने १ गिगाबाइटमध्ये देवनागरीची सु. ३५ कोटी चिन्हे मावतात. तेव्हा केवळ मजकुराने स्मृती भरत नाही. ती मुख्यतः चित्रे, चलच्चित्रे व खुद्द कार्यक्रम यांनी व्यापली जाते. १,९२० × १,०८० बिंदूंच्या पडद्याच्या एका चित्रास, प्रत्येक बिंदूस ४ बाइट याप्रमाणे, सु. ८३ लाख बाइट लागतात. छायाचित्र डिस्कवर आकुंचित रूपात असते. परंतु पाहण्यासाठी उघडल्यावर ते पूर्ण विस्ताराने स्मृतीत ठेवावे लागते. आंतरजालावरील पृष्ठे पाहण्याच्या कार्यक्रमात अनेक पृष्ठे एकाच वेळी उघडी ठेवली असता जुन्या यंत्राची स्मृती त्वरित संपते, ती याच कारणाने.

रचना : सांप्रतच्या मुख्य स्मृतीत प्रत्येक द्विमान अंकासाठी एक ट्रँझिस्टर व एक सूक्ष्म धारित्र असते. धारित्रावर विद्युत् भार असणे वा नसणे यांवरून १ वा ० हा अंक दर्शविला जातो. ही रचना आयबीएम या अमेरिकन कंपनीतील रॉबर्ट डेनार्ड यांनी १९६६ मध्ये योजली व तिचे एकस्व १९६८ मध्ये मिळाले. धारित्रावरील भार हळूहळू गळून जातो. म्हणून प्रत्येक अंक ठराविक काळाने वाचून पुन्हा लिहावा लागतो. नेहमीच्या तापमानास हा काळ ६४ मिलिसेकंद धरतात. अशा सतत पुनर्लेखनामुळे या स्मृतीस गतिक स्मृती म्हणतात. वीजपुरवठा थांबताच पुनर्लेखन थांबते व माहिती नष्ट होते. [⟶ अर्धसंवाहक, संकलित मंडल].

इतिहास : १९७० पूर्वीच्या संगणकांत मुख्य स्मृती चुंबकीय कड्यांची असे. इंटेल कंपनीने १९७० मध्ये ११०३ ही १,०२४ अंकांची गतिक स्मृतीची चिप विक्रीस आणली व त्यानंतर चुंबकीय कडी मागे पडत गेली. ऑगस्ट १९८१ मध्ये आलेल्या आयबीएमच्या वैयक्तिक संगणकात किमान १६ किलोबाइट स्मृती होती. त्यासाठी प्रत्येकी १६ किलोबिटच्या ९ चिपा वापरल्या होत्या. त्यांतील ८ माहितीसाठी व नववी दोषशोधनासाठी होती. मुख्य फलकावर ६४ किलोबाइटपर्यंत जागा होती व अधिक स्मृती हवी असल्यास वेगळे कार्ड बसवावे लागे. त्या काळी स्मृतिवर्धन म्हणजे एकेक चिप तिच्या बैठकीत हाताने दाबून बसविणे होय. एखादा पाय वाकला वा चिप उलटी बसली, तर ती निकामी होण्याचा धोका असे.

पुढे अनेक चिपा एका लहान फलकावर डाखलेल्या पट्ट्या प्रचारात आल्या. प्रथमच्या ३० संपर्कबिंदूंच्या सिम पट्टीतून एका वेळी माहितीचे ८ अंक जात. ३२ अंकी प्रोसेसर असलेल्या यंत्रात त्यामुळे सारख्या चार पट्ट्यांचा संच बसवावा लागे. नंतरच्या ७२ संपर्कबिंदूंच्या पट्टीतून ३२ अंक जात; तथापि १९९३ मध्ये आलेल्या पेंटियम प्रोसेसरचा माहितीमार्ग ६४ अंकी असल्याने तेथे जोडी लागे. डिम पट्टीतून ६४ अंक एकदम जातात. त्यामुळे एक पट्टीही पुरते. आज दुरुस्तीस येणाऱ्या बहुतेक जुन्या संगणकांत डिम पट्ट्याच आढळतात.

पट्ट्यांच्या जाती : स्मृतीची मानके जेडेक ही संस्था ठरविते. मेजावरील संगणकांतील डिम पट्ट्यांच्या प्रमुख जाती कोष्टकात दिल्या आहेत.

कोष्टक : डिम पट्ट्यांच्या प्रमुख जाती

| जात | मानकाचे वर्ष | संपर्कबिंदू | विद्युत् दाब (व्होल्ट) |
|---|---|---|---|
| एसडीरॅम | १९९३ | १६८ | ३.३ |
| डीडीआर | २००० | १८४ | २.५ |
| डीडीआर-२ | २००३ | २४० | १.८ |
| डीडीआर-३ | २००७ | २४० | १.५ |
| डीडीआर-४ | २०१२ | २८८ | १.२ |
| डीडीआर-५ | २०२० | २८८ | १.१ |

या सर्व पट्ट्यांची लांबी सु. १३३ मिमी. असल्याने त्या वरवर सारख्या दिसतात. परंतु त्या परस्परांऐवजी चालत नाहीत. डीडीआर-२ व डीडीआर-३ यांचे संपर्कबिंदू संख्येने सारखे असले, तरी विद्युत् दाब व संकेतांची मांडणी भिन्न आहे. चुकीची पट्टी बसू नये म्हणून प्रत्येक जातीच्या कडेवर वेगळ्या जागी एक छेद ठेवलेला असतो व खाचेत त्याच जागी उंचवटा असतो. छेद व उंचवटा जुळत नसल्यास पट्टी त्या यंत्रासाठी नाही असे समजावे. बळाने दाबल्यास पट्टी व मदरबोर्ड दोन्ही बिघडतात.

पट्टीवर वेगाचे अंक दोन पद्धतींनी छापलेले असतात. उदा., ‘डीडीआर-३ १६००’ म्हणजे प्रत्येक संपर्कमार्गावरून सेकंदास १६० कोटी वेळा अंकांची ने-आण करणारी पट्टी. एका वेळी ६४ अंक म्हणजे ८ बाइट जात असल्याने तिचा सर्वोच्च वेग सेकंदास १२,८०० मेगाबाइट होतो. म्हणून त्याच पट्टीवर ‘पीसी-३ १२८००’ असेही लिहिलेले असते. या दोन पट्ट्या वेगळ्या आहेत, असा ग्राहकाचा समज होण्याचा संभव असतो. भिन्न वेगांच्या दोन पट्ट्या एकत्र बसविल्या, तर सर्वसाधारणपणे दोन्ही मंद पट्टीच्या वेगाने चालतात.

उणीव ओळखणे : चालू कार्यक्रमांना लागणारी जागा मुख्य स्मृतीपेक्षा अधिक झाली म्हणजे परिचालन प्रणाली (उदा., विंडोज, लिनक्स) स्मृतीतील काही भाग डिस्कवर ठेवते व गरज पडताच परत आणते. या योजनेस आभासी स्मृती म्हणतात. मँचेस्टर विद्यापीठात १९६२ मध्ये कार्यान्वित झालेल्या ॲटलास संगणकात ती प्रथम वापरली गेली. थोड्या प्रमाणात ही देवघेव जाणवत नाही. परंतु तूट मोठी असल्यास प्रोसेसरचा बहुतेक काळ डिस्कची वाट पाहण्यात जातो. एका कार्यक्रमातून दुसऱ्यात जाताना पडदा काही क्षण गोठणे, डिस्कचा दिवा अखंड लुकलुकणे व तिची घरघर थांबत नसणे ही या अवस्थेची लक्षणे होत.

लक्षणांवर विसंबून न राहता प्रत्यक्ष मोजमाप करणे हितावह असते. विंडोजमधील टास्क मॅनेजर या साधनात किंवा लिनक्समधील सिस्टीम मॉनिटरमध्ये वापरात असलेल्या स्मृतीचे प्रमाण दिसते. नेहमीचे सर्व कार्यक्रम उघडून हे प्रमाण पाहावे. स्मृती जवळजवळ पूर्ण भरलेली राहत असेल व त्याच वेळी डिस्कचे कामही सतत चालू असेल, तर स्मृतिवर्धनाचा निश्चित उपयोग होतो. प्रमाण निम्म्याच्या आसपास असेल, तर मंदपणाचे कारण अन्यत्र शोधावे. जीर्ण हार्ड डिस्क, धूळ साचून तापणारा व म्हणून स्वतःचा वेग कमी करणारा प्रोसेसर, आपोआप सुरू होणारे अनावश्यक कार्यक्रम किंवा उपद्रवी कार्यक्रमांचा शिरकाव ही त्याची नेहमीची कारणे होत.

स्मृती दुप्पट केल्याने संगणकाचा वेग दुप्पट होत नाही. ज्या कामास ३ गिगाबाइट लागतात ते काम २ गिगाबाइटच्या यंत्रात कष्टाने चालते व ४ गिगाबाइटच्या यंत्रात सुरळीत चालते. पण ८ गिगाबाइट पुरत असताना १६ केल्याने त्याच कामात फरक जाणवत नाही. स्मृती तूट भरून काढते, प्रोसेसरची गणनशक्ती वाढवीत नाही. संगणक सुरू होण्यास व कार्यक्रम प्रथम उघडण्यास लागणारा वेळ मुख्यतः डिस्कवर अवलंबून असतो; तो कमी करण्यासाठी फिरत्या डिस्कऐवजी घनावस्थ डिस्क बसविणे अधिक परिणामकारक ठरते. पुष्कळ जुन्या यंत्रांत हे दोन्ही उपाय एकत्र करावे लागतात.

क्षमतेच्या मर्यादा : यंत्र किती स्मृती स्वीकारील हे अनेक घटकांवर अवलंबून असून त्यांपैकी ज्याची मर्यादा सर्वांत कमी, तीच संपूर्ण यंत्राची मर्यादा ठरते.

(१) प्रोसेसर : स्मृतीतील प्रत्येक बाइटला एक क्रमांक असतो, त्यास पत्ता म्हणतात. पत्त्यासाठी २० रेषा असल्यास २ चा २० वा घात म्हणजे १ मेगाबाइट एवढ्याच स्मृतीचे पत्ते देता येतात. १९८१ च्या वैयक्तिक संगणकातील इंटेल ८०८८ प्रोसेसरची हीच मर्यादा होती. १९८२ च्या ८०२८६ मध्ये २४ रेषा व म्हणून १६ मेगाबाइट, तर १९८५ च्या ८०३८६ मध्ये ३२ रेषा व ४ गिगाबाइट अशी मर्यादा वाढत गेली. २००३ पासून एएमडी कंपनीने व पुढे इंटेलने ६४ अंकी प्रोसेसर मेजावरील संगणकांसाठी आणल्यावर प्रोसेसरकडील अडचण व्यवहारतः संपली.

(२) परिचालन प्रणाली : प्रोसेसर ६४ अंकी असूनही त्यावर ३२ अंकी विंडोज बसविलेली असते, असे जुन्या यंत्रांत वारंवार आढळते. अशा वेळी ४ गिगाबाइटपलीकडील स्मृती वापरली जात नाही. शिवाय पडदा, डिस्क इ. उपकरणांनाही त्याच ४ गिगाबाइटमधील पत्ते द्यावे लागत असल्याने प्रत्यक्षात सु. ३ ते ३.५ गिगाबाइटच उपयोगी पडतात. १९८१ च्या संगणकातही १ मेगाबाइटपैकी ३८४ किलोबाइटचे पत्ते अशाच कामांसाठी राखून ठेवल्याने कार्यक्रमांस ६४० किलोबाइट उरत. ३२ अंकी विंडोजवरून ६४ अंकीवर जाण्यास ती नव्याने बसवावी लागते. त्यापूर्वी डिस्कवरील माहितीची प्रत काढून ठेवणे आवश्यक असते.

(३) मदरबोर्ड : २००८ पूर्वीच्या इंटेल प्रोसेसरांच्या यंत्रांत स्मृतीचे नियंत्रण मदरबोर्डावरील चिपसेटकडे असे. २००५ च्या ९४५ जी या चिपसेटची मर्यादा ४ गिगाबाइट, तर २००८ च्या जी ४१ ची ८ गिगाबाइट होती. नंतरच्या प्रोसेसरांत स्मृतिनियंत्रक प्रोसेसरमध्येच आला. तरीही खाचांची संख्या चिपसेटवर अवलंबून राहिली. २०११ च्या एच ६१ चिपसेटच्या फलकांवर दोनच खाचा असून प्रत्येकी ८ गिगाबाइटच्या दोन पट्ट्या मिळून १६ गिगाबाइट ही त्यांची कमाल मर्यादा आहे.

(४) चिपांची घनता : सारख्याच क्षमतेच्या दोन पट्ट्या अंतर्रचनेत भिन्न असू शकतात. ४ गिगाबाइट म्हणजे ३२ गिगाबिट. ते २ गिगाबिटच्या १६ चिपांनी किंवा ४ गिगाबिटच्या ८ चिपांनी भरून काढता येतात. जी ४१ चिपसेटला ४ गिगाबिटच्या चिपा ओळखता येत नाहीत. म्हणून अशा यंत्रात दोन्ही बाजूंस मिळून १६ चिपा असलेली डीडीआर-३ पट्टी चालते व ८ चिपांची, दिसण्यास नवी व सुटसुटीत पट्टी चालत नाही. जात, वेग व क्षमता जुळूनही पट्टी न चालण्याचे हे एक महत्त्वाचे कारण होय.

पट्टीची निवड : सध्याच्या पट्टीवरील लेबल, मदरबोर्डची माहितीपुस्तिका व निर्मात्याने प्रसिद्ध केलेली सुसंगत पट्ट्यांची यादी ही निवडीची मुख्य साधने होत. सीपीयू-झेड यासारख्या कार्यक्रमाने यंत्र न उघडताही पट्टीची जात, वेग व भरलेल्या खाचा कळू शकतात. बहुतेक जुन्या मदरबोर्डांवर स्मृतीचे दोन मार्ग असतात. दोन मार्गांत सारख्या क्षमतेच्या पट्ट्या बसविल्यास एका वेळी ६४ ऐवजी १२८ अंकांची देवघेव होते. म्हणून ८ गिगाबाइटची एक पट्टी घेण्यापेक्षा ४ गिगाबाइटच्या दोन पट्ट्या घेणे सामान्यतः श्रेयस्कर असते. पडद्यासाठी स्वतंत्र कार्ड नसलेल्या यंत्रात चित्रणासाठीही मुख्य स्मृतीचाच काही भाग वापरला जातो. तेथे या जोडणीचा लाभ अधिक मिळतो. मात्र एकच खाच रिकामी असेल व पुढे आणखी वाढीची गरज संभवत असेल, तर खाचांचा विचार करून निर्णय घ्यावा.

जुन्या जातींच्या नव्या पट्ट्यांचे उत्पादन घटत जाते, त्यामुळे त्या बहुधा वापरलेल्या स्वरूपात घ्याव्या लागतात. मुंबईत लॅमिंग्टन रोड, म्हणजे डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग, हा इलेक्ट्रॉनीय वस्तूंचा व संगणकाच्या सुट्या भागांचा जुना बाजार आहे. वापरलेली पट्टी घेताना ती दुकानातच चालवून पाहावी व बदलून मिळण्याची अट ठरवून घ्यावी. मोठ्या सेवा-संगणकांतून काढलेल्या ‘रजिस्टर्ड’ पट्ट्या स्वस्त मिळतात. पण त्या सर्वसाधारण मेजावरील संगणकात चालत नाहीत. अंकी-संगणकांच्या लहान आकाराच्या काही नमुन्यांत मांडी-संगणकाच्या आखूड पट्ट्या बसविलेल्या असतात, हेही पाहून घ्यावे. स्मृतीच्या किमती स्थिर नसतात. कृत्रिम बुद्धिमत्तेसाठी उभारल्या जाणाऱ्या माहिती-केंद्रांची मागणी वाढल्याने २०२५ च्या उत्तरार्धात त्या जगभर झपाट्याने चढल्या. अशा काळात जुन्या यंत्रातील सुस्थितीतील पट्टी जपून ठेवण्यास महत्त्व येते.

बसविण्याची पद्धत : संगणक पूर्णपणे बंद करून वीजपुरवठ्याची तार भिंतीतील जोडणीतून काढावी. केवळ झोपेच्या अवस्थेत ठेवलेल्या यंत्रातील स्मृतीस वीज मिळत असते. त्या स्थितीत पट्टी काढल्यास ती बिघडण्याचा संभव असतो. तार काढल्यावर सुरू करण्याचे बटण काही सेकंद दाबून ठेवावे, म्हणजे आतील धारित्रांवर उरलेला भार निघून जातो. त्यानंतर पेटीची बाजूची पत्रा-झडप उघडावी व साचलेली धूळ मऊ कोरड्या कुंचल्याने काढावी.

स्थिर विद्युत् हा या कामातील सर्वांत मोठा अदृश्य धोका आहे. माणसाला स्थिर विद्युतेचा झटका जाणवतो तेव्हा दाब सु. ३,००० व्होल्ट झालेला असतो. चिप मात्र त्याहून पुष्कळ कमी दाबाने बिघडू शकते. हवा कोरडी असताना हा भार अधिक साठतो. म्हणून कोकणातील दमट हवेपेक्षा दख्खनच्या पठारावरील हिवाळ्यात व कडक उन्हाळ्यात अधिक काळजी घ्यावी लागते. पट्टीस हात लावण्यापूर्वी पेटीच्या रंग न दिलेल्या धातूच्या भागास स्पर्श करावा व काम चालू असता अधूनमधून तो करीत राहावे. पट्टी नेहमी कडांना धरावी. सोनेरी संपर्कबिंदूंना बोट लावू नये.

खाचेच्या टोकाच्या खिट्ट्या बाहेरच्या बाजूस दाबल्या की जुनी पट्टी वर येते. नवी पट्टी बसविताना छेद व उंचवटा जुळवून ती सरळ उभी धरावी आणि दोन्ही टोकांवर अंगठ्यांनी सारखा दाब द्यावा. पट्टी पूर्ण बसताच खिट्ट्या आवाज होऊन आपोआप मिटतात. काही मदरबोर्डांवर एकाच टोकाची खिट्टी हलते. जोडीच्या पट्ट्या कोणत्या खाचांत बसवावयाच्या हे पुस्तिकेत दिलेले असते. बहुधा त्या खाचा एकाच रंगाच्या असतात.

चाचणी व दोष : यंत्र सुरू केल्यावर प्रथम एकूण स्मृतीचा आकडा बरोबर दिसतो की नाही हे पाहावे. पडदा अंधारा राहून बीप असा आवाज पुनःपुन्हा येत असल्यास पट्टी नीट बसलेली नसते, संपर्कबिंदू मळलेले असतात किंवा पट्टी विसंगत असते. बीपच्या संख्येचा अर्थ निर्मात्यानुसार बदलतो. अशा वेळी वीज तोडून पट्टी काढावी, संपर्कबिंदू आयसोप्रोपिल अल्कोहॉलने किंचित ओलसर केलेल्या कापडाने पुसून वाळू द्यावेत व पट्टी पुन्हा बसवावी. दुरुस्ती करणारे कारागीर यासाठी खोडरबरही वापरतात. तो वापरल्यास त्याचे कण खाचेत पडू देऊ नयेत. दोन पट्ट्या असल्यास एकेक वेगळी चालवून दोषी पट्टी किंवा दोषी खाच शोधता येते.

संगणक सुरू झाला म्हणजे पट्टी निर्दोष आहेच असे नाही. एखादाच अंक चुकत असेल, तर तो दोष काही दिवसांनी यंत्र अकस्मात बंद पडण्यातून किंवा, त्याहून वाईट म्हणजे, जतन केलेली फाइल नकळत बिघडण्यातून प्रकट होतो. हिशेब, शालेय नोंदी यांसारखी माहिती ठेवलेल्या यंत्राच्या बाबतीत हे गंभीर ठरते. म्हणून मेमटेस्ट-८६+ हा मोफत कार्यक्रम किंवा विंडोजमधील स्मृतिपरीक्षक चालवून पाहावा. हे कार्यक्रम स्मृतीच्या प्रत्येक भागात ठराविक अंकरचना लिहून त्या परत वाचतात. वापरलेल्या पट्टीची चाचणी रात्रभर चालू ठेवणे योग्य होय. एकही चूक आढळल्यास ती पट्टी वापरू नये.

उपयुक्तता व पर्यावरण : स्मृतिवर्धनाने जुन्या यंत्राच्या सर्व उणिवा दूर होत नाहीत. विंडोज १० चा सर्वसाधारण आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. विंडोज ११ ला किमान ४ गिगाबाइट स्मृती लागते. पण त्याशिवाय टीपीएम २.० हे सुरक्षा-मंडल व ठराविक पिढीपासूनचे प्रोसेसरही लागतात. म्हणून पुरेशी स्मृती बसवूनही अनेक जुनी यंत्रे अधिकृतपणे त्या प्रणालीस पात्र ठरत नाहीत. अशा यंत्रांवर लिनक्सच्या हलक्या आवृत्त्या बसवून लेखन, वाचन, टपाल व शिक्षण यांसाठी त्यांचा उपयोग करता येतो. मात्र यंत्राची एकूण अवस्था, वीजखर्च व सुटे भाग मिळण्याची शक्यता पाहूनच खर्च करावा.

संगणकाची निर्मिती करताना, विशेषतः चिपा घडविताना, फार मोठ्या प्रमाणात ऊर्जा, शुद्ध पाणी व रसायने लागतात. त्यामुळे यंत्राचे आयुष्य वाढणे म्हणजे तेवढ्या काळापुरते नवे उत्पादन व जुना कचरा दोन्ही टळणे होय. टाकून दिलेल्या मदरबोर्डांत शिसे इ. विषारी द्रव्ये असू शकतात व स्मृतिपट्टीच्या कडेवर सोन्याचा पातळ मुलामा असतो. हे सोने मिळविण्यासाठी फलक उघड्यावर जाळणे वा आम्लात बुडविणे हे कामगारांच्या आरोग्यास व भोवतालच्या पाण्यास घातक असते. भारतात १ एप्रिल २०२३ पासून ई-कचरा (व्यवस्थापन) नियम, २०२२ लागू झाले असून त्यांनुसार असा कचरा नोंदणीकृत पुनश्चक्रण करणाऱ्यांकडे जाणे अपेक्षित आहे. काढलेली पट्टी चालू स्थितीत असल्यास ती दुसऱ्या यंत्रास उपयोगी पडते. डिस्क देताना तिच्यावरील खासगी माहिती पुसावी लागते. स्मृतिपट्टीतील माहिती वीज जाताच नाहीशी होत असल्याने ती निर्धास्तपणे देता येते.

भवितव्य : पट्टी बदलण्याची सोय सर्व नव्या संगणकांत राहिलेली नाही. ॲपल कंपनीच्या २०२० पासूनच्या एम मालिकेतील संगणकांत स्मृती प्रोसेसरच्या वेष्टनातच बसविलेली असून ती ग्राहकास वाढविता येत नाही. पुष्कळ मांडी-संगणकांत ती मदरबोर्डवर कायमची डाखलेली असते. यामुळे वेग वाढतो, विजेची बचत होते व जागा कमी लागते. परंतु खरेदीच्या वेळी घेतलेली स्मृती हीच त्या यंत्राची अखेरपर्यंतची स्मृती ठरते. या दोहोंचा मेळ घालण्यासाठी जेडेकने डिसेंबर २०२३ मध्ये कॅम-२ हे बदलता येणाऱ्या सपाट फलकाचे मानक प्रसिद्ध केले. मेजावरील खाचायुक्त संगणकांत मात्र स्मृतिवर्धनाची सोय कायम असून, यंत्राच्या मर्यादा आधी समजून घेतल्यास सामान्य वापरणाऱ्यासही ते काम एका स्क्रू-पेचकसाच्या साहाय्याने करता येते.